चष्म्यानं भागत नसेल तर पडद्याचे फोटो काढून घ्या

येरळाकाठ

नमस्कार. चष्मा देऊनही ज्यांच्या लेकराची नजर सुधारत नाही, अशा सांगली-सातारा भागातल्या आईवडिलांसाठी हा धागा काढते आहे. माझी मुलगी आता नववीत आहे. तिला स्टारगार्ट नावाचा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आनुवंशिक आजार आहे. आम्ही विट्याचे. याबद्दल मराठीत शोधायला बसले तेव्हा रातांधळेपणा आणि गाजर यांच्यापलीकडं फार काही हाती लागलं नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सगळं इथं लिहिते.

पाचवीत तिला फळा दिसेना. चष्म्याचा नंबर निघाला अगदी किरकोळ, आणि तो लावूनही ६/२४ च्या खालची ओळ वाचता येईना. एका ठिकाणी पडदा बघून ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणाले. त्यानंतर जे होतं तेच झालं : पोरगी नाटक करते, अभ्यास नको म्हणून सांगते, मोबाईल काढून घ्या. घरातही तेच सुरू झालं. ती बोलायची बंद झाली.

यात एक गोष्ट कळली ती सगळ्या पालकांना माहीत हवी. स्टारगार्टमध्ये सुरुवातीच्या काळात नजर कमी झालेली असते, पण नुसत्या तपासणीत पडदा जवळजवळ निरोगी दिसू शकतो. म्हणजे मूल खरं बोलत असतं आणि तपासणाऱ्यालाही काही दिसत नसतं. तिथं चित्रं कामाला येतात.

आमच्याकडं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळं निम्मं गाव बाहेर असतं. माझे दीर तमिळनाडूत आहेत, त्यामुळं तिकडच्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवणं सोपं गेलं. तिथं दोन प्रकारची चित्रं काढली.

पहिलं ऑटोफ्लोरोसन्स. पडद्याच्या मागच्या थरात लिपोफसिन नावाचं द्रव्य साठत असतं. निळा प्रकाश टाकला की ते आपोआप चमकतं. सुई नाही, रंगद्रव्य नाही. स्टारगार्टमध्ये हे द्रव्य नको तितकं साठतं. माझ्या मुलीच्या चित्रात मधोमध काळा डाग होता आणि भोवती चमकणारे ठिपके. जिथं साठा जास्त तिथं चमक, जिथं पेशी गेल्या तिथं काळोख. नेत्रनाडीला लागून असलेला गोल पट्टा मात्र बहुतेकांमध्ये वाचलेला असतो. डॉक्टरांनी तो पट्टा बोटानं दाखवला, स्टारगार्टकडं बोट दाखवणारी ही मोठी खूण आहे म्हणाले.

दुसरं ओसीटी. यात न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. विहीर खणताना काळी माती, मुरूम, पाषाण असा एकेक थर उघडा पडतो, तसा पडद्याचा उभा छेद डोळ्याला हात न लावता दिसतो. जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजता येते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक सलग उजळ रेघ असते. माझ्या मुलीची रेघ बरोबर मधे, जिथून आपण अक्षरं वाचतो तिथं, तुटलेली होती.

तो छेद बघितल्यावर तिला ‘नाटक करते’ म्हणणारं कुणी उरलं नाही. माझ्यासाठी निदानाइतकंच ते महत्त्वाचं होतं.

पुढं रक्ताची जनुकीय तपासणी झाली, एबीसीए४ या जनुकात दोष सापडला, एक माझ्याकडून आलेला आणि एक तिच्या वडिलांकडून. आम्हा दोघांची नजर उत्तम आहे. अशा आजारात प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची ४ मध्ये १ शक्यता असते.

औषध आज नाही. पण करायचं आणि टाळायचं पुष्कळ आहे. यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. तो साठणारा कचरा त्याच जीवनसत्त्वापासून तयार होतो. रोजच्या जेवणातली भाजी, गाजर, दूध चालतं, बाटलीतलं जादा नको. आम्हाला किती जणांनी प्रेमानं त्याच गोळ्या सुचवल्या! उन्हात टोपी आणि गॉगल. वाचायला मोठं अक्षर. ती माणसाकडं बघताना नजर जरा बाजूला ठेवते, कारण मधला भाग गेला तरी बाजूचा चांगला आहे. नीट बघ म्हणून तिला कुणी टोकू नये, ती तशीच नीट बघते.

आता दर वर्षी तेच फोटो, शक्यतो त्याच यंत्रावर. ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

प्रीतिसंगम

येरळाकाठ ताई, फार गरजेचा धागा. मी कराडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे, माझ्याकडं मुलं चष्म्यासाठी येतात, म्हणजे यातली काही मुलं पहिल्यांदा माझ्याच खुर्चीवर बसतात.

पालकांनी एक साधी गोष्ट विचारावी : बारीक भोकाच्या काळ्या चकतीतून, म्हणजे पिनहोलमधून, मुलाला जास्त ओळी वाचता येतात का? येत असतील तर बहुतेक वेळा प्रश्न नंबरचा असतो. चष्माही नाही आणि पिनहोलही नाही, कशानंच सुधारत नसेल तर पडद्याच्या डॉक्टरांकडं पाठवायला हवं. ‘आळशी डोळा’ असं लिहून पट्टी बांधायच्या आधी एकदा ओसीटी झालेली बरी, विशेषतः मुलग्यांमध्ये. त्याचं कारण एक्स गुणसूत्रातून येणारा रेटिनोस्कायसिस. यात पडद्याच्या थरांमध्ये पोकळ्या पडतात, पीतबिंदूभोवती (पडद्याचा मधला, बारीक बघायचा भाग) चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. बाहेरून ती चटकन लक्षात येत नाही, ओसीटीत मात्र स्पष्ट दिसते. आणि इथं डोर्झोलामाइडचे थेंब काही मुलांमध्ये त्या पोकळ्या कमी करतात. थेंबांचा उपयोग होतो की नाही हेही पुन्हा ओसीटी काढूनच ठरवतात.

ओसीटीचीही मर्यादा सांगतो. तान्ह्या बाळाचे डोळे सारखे हलत असतील, बाळ प्रकाशाकडं बघत नसेल, मुठीनं डोळे दाबत राहत असेल, तर लेबर कंजेनिटल अमॉरोसिसचा विचार करतात. अशा बाळांत सुरुवातीला चित्र बरंच चांगलं दिसू शकतं आणि पेशी मात्र काम करत नसतात. तिथं ईआरजी लागते, म्हणजे प्रकाश दाखवून पडद्याची विद्युत प्रतिक्रिया मोजतात. चित्र रचना सांगतं, ईआरजी काम सांगते. दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागतं.

उलटही होतं. केस-कातडी फारशी गोरी नसलेलं मूल, डोळे हलतात, कारण सापडत नाही. ओसीटीत पीतबिंदूचा खड्डाच तयार झालेला नसतो, आणि मग सौम्य वर्णहीनतेचं (अल्बिनिझम, म्हणजे अंगात रंगद्रव्य कमी असणं) निदान होतं.

कृष्णाकाठचा_गडी

ताई, वाळवा तालुक्यातून लिहितोय. मला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आधी रातचं आणि मग बाजूचं दिसणं कमी करणारा पडद्याचा आजार. आमच्याकडं शेतीची लाईट रातचीच. उसाला दारं धरायला बापाबरोबर जायचो तेव्हा मी सारखा सरीत पडायचो, पाटात पाय जायचा. बाप म्हणायचा पोरगं भितंय अंधाराला. तवा मी सातवीत होतो. दिवसा क्रिकेट खेळायचो, त्यामुळं डोळ्याचं काय असंल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढं बाजूनं येणारा बॉल दिसंना तवा दवाखान्यात गेलो.

माझ्या आटोफ्लोरोसन्सच्या फोटोत मधे एक चमकणारं कडं दिसतं. डॉक्टर म्हणाले कड्याच्या आतला पडदा अजून चांगला, बाहेरचा गेलेला. दर वर्षी ते कडं किती आत आलं हे मोजतात. मला पयल्यांदा ते बघून लई वाईट वाटलं. पण खरं सांगतो, नुसतं ‘हळूहळू जाणार’ ऐकण्यापेक्षा किती गेलं आणि किती ऱ्हायलं हे डोळ्यानं बघितलेलं बरं. मी त्याच्यावरनं ठरवलं की ट्रॅक्टर-मोटरसायकल बंद करायची आणि कॉम्प्युटरचं शिकायचं. आता मोबाईलचा आवाज लावून सगळी कामं करतो, हेही तसंच लिवलंय.

अजून एक. मधे मला वाचायला एकदम धूसर व्हायला लागलं. मला वाटलं आजार वाढला. ओसीटी काढली तर पीतबिंदूला सूज. आरपीत अशी सूज येते आणि तिच्यावर औषध असतं. थेंब चालू केले, सूज उतरली, अक्षरं परत बरी दिसायला लागली. फोटो काढला नसता तर मी आजारच वाढला म्हणून गप बसलो असतो.

निवृत्त_मास्तर

सर्वांचे अनुभव वाचले. माझ्या नातवाबाबत (वय ९) असाच संशय व्यक्त झाला आहे. मनापासून विचारतो, कृपया राग मानू नये. ज्या आजारावर औषध नाही, त्याचे फोटो काढण्यात पैसे का घालवावेत? माझा मुलगा म्हणतो, आणखी एक मोठी फी आणि शेवटी ‘काही करता येत नाही’ हेच ऐकायचे. त्याचे अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही. शिवाय आमच्या ओळखीतील एकांनी स्टेम सेलचे इंजेक्शन सुचविले आहे. त्याबद्दलही सांगावे.

येरळाकाठ

काका, राग कसला, हा प्रश्न आमच्या घरातही झाला. पण ‘औषध नाही’ हे निदान झाल्यावर म्हणता येतं. त्याआधी कुणालाच ते माहीत नसतं. वरच्या दादांची सूज बघा, प्रीतिसंगम सरांनी सांगितलेला रेटिनोस्कायसिस बघा.

स्टेम सेलबद्दल : कृपा करून थांबा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर तो पैसे घेऊन देऊ नये. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फ्लोरिडात पैसे घेऊन डोळ्यांत अशी इंजेक्शनं दिलेल्या तीन बायकांची नजर गेल्याचं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. खऱ्या चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे मागत नाहीत. कुणी लाखभर मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

प्रीतिसंगम

मास्तर काका, थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला रोज ऐकू येतो.

बेस्ट नावाच्या आजारात पीतबिंदूखाली अंड्याच्या बलकासारखा पिवळा साठा होतो. तो मुलात दिसतो, अनेकदा नजर बरी असते. पण पुढं कधीतरी त्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढू शकतात आणि तेव्हा नजर झपाट्यानं जाते. ओसीटी आणि ओसीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणारी ओसीटी) त्या सापडल्या तर डोळ्यात द्यायचं इंजेक्शन आहे. वेळ गाठली तर नजर वाचते.

दुसरा, एफईव्हीआर. नाव लांब आहे, सोडून द्या. यात पडद्याच्या कडेपर्यंत रक्तवाहिन्या पोचलेल्याच नसतात. पुढं पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. रुंद कोनाचा कॅमेरा आणि फ्लोरेसिन रंगद्रव्य वापरून कडेचा भाग बघतात आणि गरज असेल तिथं लेसर करतात. (या रंगद्रव्यानं दिवसभर लघवी गडद पिवळी-केशरी होते, घाबरू नये.) या आजारात एका मुलाचं निदान झालं की आईवडील आणि भावंडं सगळ्यांचेच फोटो काढायला हवेत. ज्याला काडीचा त्रास नाही अशा बापाच्या डोळ्यातही तोच दोष निघतो.

आणि रेटिनोब्लास्टोमा, तो तर डोळ्याचा कर्करोग. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. त्याचा आरबी१ या जनुकातला दोष घरात असेल तर पुढच्या बाळाची तपासणी जन्मल्यापासून सुरू करतात, लक्षणांची वाट बघत नाहीत.

जनुकोपचाराचं, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत पोचवण्याचं, सांगायचं तर पडद्याच्या अशा आजारांवर त्यातला एक मान्य आहे. लक्सटर्ना, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तो फक्त आरपीई६५ जनुकाच्या दोषावर चालतो. तिथली किंमत २०१८ मध्ये दोन्ही डोळ्यांची मिळून ८,५०,००० डॉलर होती, म्हणजे आपल्या आवाक्याबाहेर. तरी यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. पडद्यात पुरेशा जिवंत पेशी असतील तरच हे औषध देतात. त्याच्या चाचणीत ओसीटीवर पडद्याची जाडी १०० मायक्रॉनहून जास्त हवी अशी अट होती. उद्या दुसऱ्या जनुकावरचं औषध आलं तर पहिला प्रश्न हाच येणार : कोणता जनुक, आणि पडदा किती शिल्लक आहे? ज्याच्याकडं निदान आणि वर्षावर्षाची चित्रं आहेत त्याला उत्तर देता येईल.

लंडनमध्ये मूरफील्ड्स आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मंडळींनी आयटूजीन नावाची संगणकप्रणाली केली आहे. पडद्याची चित्रं बघून कोणता जनुक बिघडला असावा याचा अंदाज ती देते. निदान तिच्यावर सोडायचं नसतं, जनुकतपासणीला दिशा मिळते.

शाळेच्या_बाई

मी जत तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, २०१३ पासून ही योजना आहे आणि १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक आलं की आम्ही नुसती रांग लावतो. त्याऐवजी बाईंनी-सरांनी आधीच नावं काढून ठेवावीत : कोण वही नाकाला लावतं, कोण संध्याकाळच्या कार्यक्रमात हात धरून चालतं, कोण उन्हात डोळे मिटून घेतं. पथकाकडं मुलामागं मिनिटं थोडी असतात, आपल्याकडं अख्खं वर्ष असतं.

मला सगळ्यात जास्त काळजी मूकबधिर विद्यालयातल्या मुलांची वाटते. अशर नावाच्या आजारात बहुधा जन्मतः ऐकू येत नाही किंवा कमी येतं, आणि पुढं आरपीसारखी नजर जाते. ते मूल खुणांच्या भाषेवर जगत असतं, आणि खुणा डोळ्यांनीच बघायच्या असतात. अंधार पडल्यावर ते गप्प झालं तर स्वभाव म्हणून सोडून देतात. अशा प्रत्येक शाळेत पडद्याची तपासणी व्हावी असं मला मनापासून वाटतं. लवकर कळलं तर श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र), ब्रेल यांचा विचार वेळेत होतो.

तसंच, हाताला किंवा पायाला सहावं बोट, लहानपणापासून अंगानं जाड, आणि रात्री दिसत नाही, असं मूल असेल तर डॉक्टरांना या तिन्ही गोष्टी एकत्र सांगा. बार्डे-बीडल नावाचा आजार असतो, त्यात मूत्रपिंडंही तपासावी लागतात.

दाखल्याचं : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही आहे. टक्केवारी नजर आणि दृष्टिक्षेत्र मोजून ठरते, नुसत्या फोटोवर नाही. पण स्टारगार्टची मुलगी इकडं तिकडं सहज फिरताना दिसते, आणि ‘हिला दिसतं की’ असं म्हटलं जातं. तेव्हा ओसीटीचा छेद आणि ऑटोफ्लोरोसन्स सोबत असलेले बरे. लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ नको, नववीतच कागद तयार ठेवा. येरळाकाठ ताई, तुमच्यासाठी हे आत्ताच.

माणदेशी

इथं विचारू का, कळत नाही. आम्ही दहिवडीकडचे. माझं लग्न आतेभावाशी झालंय. आमच्या थोरल्याला आरपी आहे, सात वर्षांचा आहे. सासरी-माहेरी दोन्हीकडं एकच बोलणं, नात्यात केलं म्हणून झालं. माझी आई तर स्वतःला दोष देऊन घेते. धाकटा तीन वर्षांचा आहे. त्याचं काय?

प्रीतिसंगम

ताई, नात्यातल्या लग्नात एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे, आणि पुढच्या सोयरिकी ठरवताना घरात त्याचा विचार व्हावा असं माझं मत आहे. पण तुमच्या थोरल्याचा आजार त्याच वाटेनं आला हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आरपी तीन वाटांनी येते. एक वाट एक्स गुणसूत्राची आहे. तशी असेल तर दोष आईकडून मुलाकडं येतो आणि लग्न नात्यात होतं की परक्यात याचा काही संबंध नसतो.

तुमचा स्वतःचा ऑटोफ्लोरोसन्स फोटो काढून घ्या. एक्स-संलग्न आरपीचा दोष वाहणाऱ्या अनेक बायकांच्या पडद्यावर मधून बाहेर जाणाऱ्या चमकदार रेषा दिसतात, नजर उत्तम असली तरी. तसं दिसलं तर प्रत्येक मुलग्याला शक्यता २ मध्ये १, आणि तुमच्या बहिणींनाही विचारात घ्यावं लागतं. दिसलं नाही म्हणून ती वाट पूर्ण बंद होत नाही, शेवटचा शब्द जनुकतपासणीचा. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद इथं अशा आजारांचं जनुकीय समुपदेशन मिळतं. जाताना थोरल्याची सगळी चित्रं न्या.

आईला सांगा, यात तिनं काही केलेलं नाही.

कृष्णाकाठचा_गडी

माणदेशी ताई, धाकट्याला संध्याकाळी कडूसं पडल्यावर अंगणात खेळताना बघा. मला कुणी बघितलं नव्हतं.

निवृत्त_मास्तर

सर्वांचे आभार. मुलाला हा धागा वाचून दाखविला. इंजेक्शनचा विषय बंद केला आहे. नातवाचे ओसीटी व ऑटोफ्लोरोसन्स करून घेणार आहोत. जाताना काय काळजी घ्यावी? आणि फोटो मिळतात की फक्त रिपोर्ट?

येरळाकाठ

काका, फोटो मागावे लागतात. न मागता बहुतेक ठिकाणी छापील कागद देतात. त्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो पुढच्या डॉक्टरांच्या फारसा उपयोगी पडत नाही, छेदातली बारीक रेघ त्यात पुसट होते. पेनड्राइव्हवर मूळ चित्रं द्या म्हणून सांगा, त्यावर तारीख आणि उजवा-डावा डोळा असू द्या. यंत्र कोणत्या कंपनीचं ते कागदावर लिहून घ्या. वेगवेगळ्या यंत्रांवरची जाडी सरळ ताडून बघता येत नाही. घरात एक वही करा : तारीख, चष्म्यासह नजर, कुठली चित्रं काढली. भावंडाची पानं वेगळी.

प्रीतिसंगम

आणि माणदेशी ताईंच्या धाकट्यासाठीही सांगतो. बाहुली मोठी करायचे थेंब थोडे झोंबतात, तेवढं आधी सांगून ठेवा. नंतर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं, म्हणून टोपी न्या आणि त्या दिवशी गृहपाठ नको. ओसीटीला क्षणभर हनुवटी टेकून एका खुणेकडं बघायचं असतं, डोळ्याला काही लागत नाही, क्ष-किरणही नाहीत. चार-पाच वर्षांची बरीच मुलं ते करतात. तीन वर्षांचं बसेलच असं नाही. आईच्या मांडीवर बसवून, आधी मोठ्या भावाचं करून दाखवून प्रयत्न करतात. नाहीच जमलं तर काही मोठ्या केंद्रांत हातात धरायचं यंत्र असतं, गुंगी देऊन तपासतात. गुंगी द्यायची असेल तेव्हाच उपाशी न्यायचं असतं, तेही दवाखाना सांगेल तितकंच. साध्या फोटोसाठी पोट भरून न्या, भुकेलं मूल हनुवटी टेकवत नाही.